गुमास्ता परवाना : नाव नोकराचे, चौकट मालकाची

१/
दरवर्षी १० जून आला की आपल्यापैकी अनेकांच्या भिंतीवर एकच मजकूर झळकतो : १८९० साली याच दिवशी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे भारताला रविवारची सुट्टी मिळाली. हा मजकूर चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्या दिवशी सुट्टी मान्य केली ती मुंबईच्या गिरणीमालकांनी, गिरणी कामगारांसाठी. गिरणीच्या फाटकासमोरच्या किराणा दुकानात पोती उचलणाऱ्या पोऱ्याला ती मिळाली नाही. त्याला कायद्याने सुट्टी मिळायला आणखी पन्नास वर्षे जावी लागली.

२/
आजचा थ्रेड या पोऱ्याविषयी आणि त्याच्या मालकाविषयी आहे. लहान दुकानदाराने, लहान कारखानदाराने आपल्याकडे कामाला असलेल्या माणसाप्रति कोणती जबाबदारी घ्यावी, हा प्रश्न आपण वकील आणि सीए यांच्यावर सोपवून मोकळे होतो. माझ्या मते तो प्रथम इतिहासाचा प्रश्न आहे. आणि इतिहास पाहिल्यावर माझे जे मत बनले ते आरंभीच सांगतो : जबाबदारी माणसे मोजून ठरू नये. लहान मालकाचे कागद कमी करावेत, कर्तव्य नव्हे.

३/
सुरुवात शब्दापासून करू. दुकान काढायचे म्हणजे ‘शॉप ॲक्ट’ काढायचा. मुंबईकडे यालाच ‘गुमास्ता’ म्हणतात. “गुमास्ता काढलास का?” म्हणजे दुकानाची नोंदणी केलीस का. बँकेत चालू खाते उघडायला तो लागतो. पुष्कळ दुकानांत गल्ल्यामागे, देवाच्या तसबिरीशेजारी तो चौकटीत लावलेला असतो.

४/
पण ‘गुमास्ता’ हा मूळ फारसी शब्द. अर्थ : नेमलेला माणूस. सावकाराचा, व्यापाऱ्याचा, पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा नेमलेला कारकून वा प्रतिनिधी तो गुमास्ता. म्हणजे ज्या कायद्याला लोकांनी नोकराच्या नावाने ओळखले, त्या कायद्याचा कागद आज मालकाची मालमत्ता झाला आहे. नाव उरले, नेमलेला माणूस मात्र त्या कागदावरून निघून गेला. तो कसा गेला, ते पाहू.

५/
१८८१. हिंदुस्थानातील पहिला फॅक्टरी कायदा. पडद्यामागे दोन शक्ती होत्या : सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखे सुधारक, आणि मुंबईच्या स्वस्त सुताची धास्ती घेतलेले लँकेशायरचे गिरणीमालक. त्यामुळे इकडच्या राष्ट्रवादी मंडळींना हा कायदा देशी उद्योगाचा गळा घोटणारा वाटला. कायदा तसा अगदी तोकडा होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये. सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये. प्रौढांच्या तासांविषयी तो गप्पच होता.

६/
आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्यातील व्याख्या. शंभर किंवा अधिक माणसे असतील, यंत्रशक्ती वापरली जात असेल आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक काळ काम चालत असेल, तरच तो ‘कारखाना’. नव्व्याण्णव माणसे असतील तर कायद्याच्या दृष्टीने तिथे कुणीच काम करत नव्हते. खानदेशातील कापसाचे जिन पाहा. मोसमात पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत स्त्रियांसह मजूर तिथे राबत. पण मोसम आखूड, म्हणून अनेक जिन कायद्याबाहेर राहिले.

७/
पुढची सत्तर वर्षे हा आकडा हळूहळू खाली आला. १८९१ : पन्नास माणसे. १९२२ : वीस, आणि प्रांतिक सरकारला वाटल्यास दहापर्यंत. १९४८ : यंत्रशक्ती असेल तर दहा, नसेल तर वीस. शंभर, पन्नास, वीस, दहा. प्रत्येक पायरीवर काही हजार माणसे कायद्याला नव्याने ‘दिसू’ लागली. १८९१च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी कारखान्यांपुरती सक्तीची केली. १९२२ने आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली. १९४८ने ती अठ्ठेचाळीसवर आणली.

८/
आता असा आकडा ठेवला की काय होते? मालक आकड्याच्या खाली राहायला शिकतो. १९३१ साली रॉयल कमिशन ऑन लेबरचा, म्हणजे व्हिटली आयोगाचा अहवाल आला. ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. कायद्याच्या कक्षेबाहेरच्या लहान कारखान्यांकडे आयोगाने मुद्दाम लक्ष दिले : बिडी, गालिचे, अभ्रक, लाख, लोकर. तिथे त्याला जेमतेम पाच वर्षांची मुलेही दहा-बारा तास काम करताना आढळली. मोठ्या गिरणीत जे पन्नास वर्षांपूर्वी निषिद्ध ठरले होते, ते लहान खोलीत बिनदिक्कत चालू होते.

९/
बिडीचा धडा तर पाठ्यपुस्तकात यावा असा आहे. कारखान्याचा कायदा लागू होऊ लागला तसे कारखानेच विरघळू लागले. एका छपराखालचे शंभर कामगार दहा ठेकेदारांकडे वाटले गेले. नंतर पान-तंबाखू थेट घरोघर पोहोचली आणि झोपडीच्या ओसरीवर बिड्या वळल्या जाऊ लागल्या. माणसे तीच, माल तोच, मालकही तोच. फक्त मोजायला गेले की आकडा भरत नसे. शेवटी १९६६ साली बिडी-सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा करून घरी बसून बिड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानावे लागले. बिडी कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ साली न्यायालयाने कायदा उचलून धरला.

१०/
आता कारखान्यातून दुकानात येऊ. दुकान सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, म्हणून तिथला नोकर मात्र कुणाच्याच डोळ्यांवर येत नाही. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. कामगार खात्याचे संसदीय सचिव होते गुलझारीलाल नंदा. या सरकारची कामगारविषयक कामगिरी एकरंगी नाही. त्याच्याच १९३८च्या औद्योगिक तंटा कायद्याविरुद्ध डॉ. आंबेडकर आणि कम्युनिस्ट यांनी मिळून ७ नोव्हेंबरचा संप पुकारला होता. परंतु त्याच सरकारने १९३९ साली दुकाने व आस्थापनांचा कायदा केला. अशा प्रकारचा हा देशातील पहिला कायदा. १९४० साली तो अमलात आला.

११/
आणि १९४८चा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम त्याहून पुढे गेला. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. सलग पाच तासांनंतर एक तास विश्रांती. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद. भरपगारी रजा. मालकाने निरीक्षकाकडे नोंदणी करायची आणि नोंदवह्या ठेवायच्या. ज्या गावांना कायदा लागू झाला, तिथे नोकर किती हा प्रश्नच त्याने विचारला नाही. एक असला तरी तो नोकर आणि तुम्ही मालक. शंभरापासून सुरू झालेली उतरण एकावर येऊन पोहोचली.

१२/
या अधिनियमातील एक व्याख्या मला फार बोलकी वाटते. ‘कर्मचारी’ कोण हे सांगताना त्याने मालकाच्या कुटुंबातील व्यक्ती वगळली. म्हणजे दोनच वर्ग : घरचा, किंवा कर्मचारी. आपल्याकडे मात्र तिसरा वर्ग सर्वमान्य आहे, ‘घरच्यासारखा’. कायद्याला हा वर्ग ठाऊक नाही. व्यवहारात मात्र लहान दुकानांतील बहुसंख्य माणसे याच वर्गात आयुष्य काढतात.

१३/
इथे घरचेच उदाहरण देतो. तालुक्याच्या गावी वडिलांचे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. कामाला दोघे. त्यांपैकी एकांना आम्ही लहानपणापासून काका म्हणतो. गेल्या वर्षी काका मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला बँकेत गेले. बँकेने उत्पन्नाचा पुरावा मागितला. काकांकडे पगाराची पावती नव्हती, नेमणूकपत्र नव्हते, काहीच नव्हते. वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते खरोखर दुखावले. म्हणाले, “अरे, त्याला आपण कधी नोकर मानलंच नाही.”

१४/
ते खरे होते. काकांच्या आजारपणाचा खर्च वडिलांनी केला, लग्नात आहेर केला, दिवाळीला कपडे दिले. पण नोकर मानले नाही म्हणून नोकराचे हक्कही दिले गेले नाहीत, हे आम्हा दोघांनाही त्या दिवशी प्रथम जाणवले. उपकाराची नोंद मनात राहते; हक्काची नोंद कागदावर लागते. मालक भला असेल तोवर फरक पडत नाही. मालक बदलला, दुकान बंद पडले किंवा बँक दारात उभी राहिली की पडतो.

१५/
मग मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून जे करता येते ते केले. माळ्यावरच्या जुन्या वह्या काढल्या. रोजकीर्द, खतावणी, उधारीची वही. वडील हिशेबाला काटेकोर; पैशाची नोंद चुकलेली नाही. काका मला सापडले, पण ‘उचल’ या रकान्यात. गणपतीला ५०० उचल, शाळा उघडताना १००० उचल. ज्या माणसाने आयुष्यभर दुकान सांभाळले, तो दुकानाच्या कागदपत्रांत केवळ देणेकरी म्हणून शिल्लक आहे.

१६/
याचे मोल किती असते ते गिरणी कामगारांना विचारा. १९८२च्या संपानंतर गिरण्या संपल्या, जमिनी विकल्या गेल्या. पुढे कामगारांना घरे देण्याची योजना आली, ती १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेल्यांसाठी. ते सिद्ध कशाने करायचे? तिकीट क्रमांकाने, भविष्य निर्वाह निधीच्या कागदाने, हजेरीपटावरील नावाने. ती घरेही सर्वांना मिळालेली नाहीत, हे आपण जाणतो. तरी निदान मागता तरी आली. त्याच गिरणगावातल्या खानावळीत भांडी घासणाऱ्याला आपण तिथे होतो हेही सिद्ध करता येत नाही. गिरणी कामगारांच्या इतिहासावर ग्रंथ आहेत. दुकानातल्या पोऱ्याचा इतिहास लिहायला आमच्याकडे साधनेच नाहीत.

१७/
आता अलीकडचा भाग. १९४८चा अधिनियम जाऊन महाराष्ट्राचा नवा दुकाने व आस्थापना अधिनियम आला, १९ डिसेंबर २०१७ पासून. दहा किंवा अधिक कामगार असतील तिथेच तो पूर्णपणे लागू. दहापेक्षा कमी असतील तर मालकाने ऑनलाइन सूचना द्यायची, बस्स. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास आणि दैनिक तास नऊवरून दहा करण्यास मंजुरी दिली. शंभर, पन्नास, वीस, दहा, एक. आणि तिथून परत : दहा, वीस. एकशेतीस-पस्तीस वर्षे जिना उतरून आपण पुन्हा वर चढू लागलो आहोत.

१८/
मधल्या काळातली एक दुरुस्ती विसरू नका. २०२२ साली या अधिनियमात बदल करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही एक गोष्ट सक्तीची केली गेली : मराठी पाटी. ती असावी, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण यावरून एक सिद्ध होते. कायद्याला लहान दुकानाच्या दारापर्यंत यायचे असेल तर येता येते. पाटीसाठी तो आला, आणि उंबरठ्यावरून पाटी वाचून परत गेला. आत काम करणारा मराठी माणूस त्याने पाहिला नाही.

१९/
मालकांची बाजू खोटी आहे असे मी म्हणत नाही. अनेक कायदे, प्रत्येकाच्या निराळ्या वह्या, निराळी विवरणपत्रे. दोन माणसांच्या दुकानदाराने धंदा करावा की रकाने भरावेत? निरीक्षक येतो तो नोकराची विचारपूस करायला क्वचितच, हाही अनेकांचा अनुभव. वडिलांनी मला हे सारे ऐकवले आणि त्यात बरेच तथ्य आहे. २०१७च्या सवलतीमागे हीच तक्रार होती. परंतु रोग कागदांचा होता आणि औषध नोकराच्या हक्कांवर केले गेले. वह्या चार आहेत तर एक करा. वहीत ज्याचे नाव आहे तो माणूसच काय म्हणून वगळता?

२०/
शिवाय ‘दहाच्या आत काहीच लागू नाही’ ही समजूतही चुकीची आहे. किमान वेतनाचे तत्त्व माणसे मोजत नाही. १९४८चा किमान वेतन कायदा आता २०१९च्या वेतन संहितेत सामावला आहे आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास २०१६च्या दुरुस्तीपासून सर्वच व्यवसायांत बंदी आहे; अपवाद शाळेनंतर घरच्या धंद्यातील मदतीसारखे मोजकेच. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती मागितली नाही, पण म्हणून तिथल्या स्त्रीला उघड्यावर सोडले नाही. तिच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती ठेवली.

२१/
हे शेवटचे उदाहरण मला वाटेचे वाटते. मालक लहान आहे ना? मग भार वाटून घ्या, हक्क काढून घेऊ नका. आणि हे महाराष्ट्राने फार पूर्वी करून दाखवले आहे. हमालाला तर ठरलेला मालकच नसतो. सकाळी एका पेढीचे पोते, दुपारी दुसऱ्या. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. व्यापारी आणि हमाल दोघांची मंडळाकडे नोंदणी. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने पगार, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा सांभाळायची. मुंबईच्या किराणा बाजार व दुकानांसाठीही असे मंडळ आहे.

२२/
माथाडी मंडळांत दोष नाहीत असे नाही. बोगस माथाडी, खंडणी या तक्रारी आपण वाचतो. पण मूळ कल्पना पाहा. एकट्या व्यापाऱ्याला जे पेलत नव्हते ते बाजाराने मिळून पेलले. पोते वाहणाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळू शकते, तर त्याच दुकानात ते पोते सोडून पुड्या बांधणाऱ्याला का नाही? बाजारपेठेच्या व्यापारी संघाने मिळून एक हिशेबनीस ठेवला आणि सर्व दुकानांच्या माणसांची एक हजेरी, एक पगारपत्रक ठेवले, तर कुणाचे दिवाळे निघेल?

२३/
तोवर लहान मालकाने स्वतःहून करण्याजोगे तीनच कागद मला सुचतात. एक : नेमणुकीचे पत्र, तारखेसह. दोन : दरमहा पगाराची नोंद आणि दोघांच्या सह्या. तीन : रजा-सुट्टीचे पान. तिन्ही मिळून एक दोनशेपानी वही पुरते, आणि ती तर आमच्याच दुकानात मिळते! ज्या समाजात दिवाळीला वहीपूजन होते, त्या समाजातील व्यापाऱ्याला ‘लिहिणे जमत नाही’ असे कोण म्हणेल?

२४/
काकांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. वडिलांनी नेमणूकपत्र द्यायचे कबूल केले. अडले ते तारखेवर. काका कामाला नेमके कधी लागले? वडील म्हणत २००८, काका म्हणत त्याआधी. पुन्हा जुन्या वह्या उघडल्या. काकांच्या नावावरची सर्वांत जुनी उचल २००६च्या गणपतीतली निघाली. म्हणजे त्यापूर्वी ते नक्कीच कामाला होते. पत्रावर ‘सन २००६ पासून’ असे लिहिले आणि वडिलांनी सही केली.

२५/
काकांनी ते पत्र दोनदा वाचले, घडी घातली आणि त्याची झेरॉक्स काढून आणली. एक प्रत बँकेला. दुसरी वडिलांनी मागून घेतली आणि गल्ल्यामागच्या चौकटीत, गुमास्त्याच्या कागदाशेजारी सरकवली. गुमास्ता म्हणजे नेमलेला माणूस. आमच्या दुकानात त्याची नेमणूक लिहून काढायला एकोणीस वर्षे लागली.

२६/
पुढच्या १० जूनला लोखंड्यांची पोस्ट अवश्य टाका. टाकण्यापूर्वी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात एकदा जा आणि विचारा, “तुमची सुट्टी कधी असते?” तुमच्या घरचे दुकान असेल, तर हा प्रश्न आधी घरात विचारा. उत्तरे इथे खाली लिहा; दुकानाचे वा माणसाचे नाव न घेता, फक्त गाव आणि कामाचे स्वरूप. निदान तेवढी नोंद राहील.

लेखनसीमा.